ठेकेदार म्हणतो आधी राजीनामा दे, बाळंतपणानंतर परत घेतो. सही करू का?

नशिराबादची_लेक

नमस्कार ताई-दादांनो. मी नशिराबादला राहते, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीच्या रोलवर नाही, ठेकेदाराकडून आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर लागले. पगार १३,५००, त्यातून पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापतात. मला सहावा महिना चालू आहे. डॉक्टरांनी एप्रिलच्या शेवटची तारीख दिली आहे, म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लगेच.

सुपरवायझरला कळलं तसं ठेकेदाराच्या माणसाने ऑफिसात बोलावलं. म्हणे फेब्रुवारीपर्यंत काम कर, मग राजीनामा लिहून दे, बाळ सहा महिन्यांचं झालं की परत घेतो. बाळंतपणाची रजा कंपनीच्या बायांना असते, ठेक्याच्या बायांना नसते, असं तो सांगून राहिला. सासूबाई म्हणतात दे लिहून, वाद घातला तर पूर्ण एमआयडीसीत कोणी उभं करणार नाही. मिस्टर म्हणतात थांब, आधी कोणाला तरी विचार. म्हणून इथे विचारते.

माझं माहेर अमळनेरचं. पहिलं बाळंतपण म्हणून आई सातव्यातच डोहाळजेवण करून घेऊन जाणार आहे. तेव्हापासून रजा धरतील का?

दुसरं, मशीनसमोर पूर्ण पाळी उभं राहावं लागतं, संध्याकाळी पाय सुजतात. बसायचं काम मागता येतं का?

आणि मिस्टरांचं. ते फुले मार्केटात कापडाच्या दुकानात आहेत. बाळंतपणाच्या वेळी त्यांना सुटी मिळेल का? सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना नेणं-आणणं तेच करतात. प्रत्येक दांडीला पगार कापला जातो. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी कायद्यात काही रजा आहे का?

भुसावळ_जंक्शन

ताई, सही करू नका. बाकी माहिती जाणकार देतील, पण एवढं आजच पक्कं करा.

तुमच्या मिस्टरांबद्दल सांगतो. मी रेल्वेत आहे, मुलीच्या वेळी मला १५ दिवसांची पितृत्व रजा भेटली. ती केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आहे, दोन मुलांपर्यंत. खासगी दुकानात, कंपनीत वडिलांसाठी अशी रजा कायद्याने नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या दिवसांत बायकोला माझी खरी गरज होती. दुकानात काम करणाऱ्याच्या बायकोला ती नसते का?

पगारपत्रक_जळगाव

ताई, मी लेबर कन्सल्टंटकडे कामाला आहे. ठेकेदारांची पीएफ-ईएसआयची चलनं भरणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत वाचू नका, मिस्टरांना शेजारी बसवून वाचा.

ठेक्याच्या बाईला रजा नाही हे साफ खोटं आहे. बाळंतपणाचा लाभ कायमच्या बाईला, ठेक्याच्या बाईला, रोजंदारीवरच्या बाईलाही आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००० साली हेच सांगितलं. त्या बाया रस्त्याच्या कामावर अंगमेहनत करणाऱ्या होत्या. पोटात बाळ असलेल्या बाईचे कष्ट रोजंदारीवर कमी होत नाहीत, मग लाभ कमी का व्हावा?

आधी हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या, तेव्हापासून ते सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेलं आहे. कोणी म्हणालं की जुना कायदा गेला म्हणजे रजाही गेली, तर ऐकू नका. २६ आठवडे तेच आहेत. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६, आधीच दोन मुलं हयात असतील तर १२.

आता तुमच्या कामाचं. तुमचं ईएसआय कापतात, त्यामुळे हे पैसे ठेकेदाराच्या खिशातून जायचेच नाहीत, ईएसआय महामंडळ तुमच्या बँक खात्यात टाकतं, पूर्ण सरासरी पगाराच्या दराने. मग तो माणूस राजीनामा का मागतो? मी इतकी वर्षं बघते आहे. एक म्हणजे त्याला तुमची जागा अडकवून ठेवायची नसते. आणि परत घेतलं की नवीन भरती दाखवायची असते, म्हणजे जुनी नोकरी मोजायलाच नको. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या कारणाने काढणं बेकायदेशीर आहे, हे त्यालाही माहीत असतं. म्हणूनच तो काढत नाही, तुमच्याच हाताने लिहून घेतो. कागदावर तुम्ही स्वखुशीने सोडलं असं दिसलं की पुढे भांडताना तोच कागद तुमच्यासमोर ठेवतात. कोऱ्या कागदावर तर मुळीच सही करू नका, पगाराच्या रजिस्टरसोबत सरकवला तरी नाही.

त्याऐवजी साधा अर्ज लिहा. अपेक्षित तारीख, रजा कधीपासून हवी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. दोन प्रती करा, एकीवर ठेकेदाराच्या ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर पोस्टाने रजिस्टर्ड पाठवा, कंपनीच्या एचआरलाही एक प्रत पाठवा. ठेक्याच्या माणसांच्या ईएसआयची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते, त्यामुळे एचआरला कागद गेला की ठेकेदाराचा सूर बदलतो. हे मी डोळ्याने पाहिलेलं आहे.

माहेरी जाण्याचं. २६ आठवड्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तुमची तारीख एप्रिलअखेरची, म्हणजे मार्चच्या सुरुवातीपासून. आईने फेब्रुवारीतच नेलं तर मधले दिवस वेगळे पडतील, ते शिल्लक पगारी रजेतून मागा. नव्या संहितेत वर्षात १८० दिवस काम झालं की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा आहे, आधी ही अट २४० दिवसांची होती. माझं मत विचाराल तर डोहाळजेवण सातव्यात होऊ द्या, पण राहायला मार्चमध्ये जा. जेवढे आठवडे आधी वापराल तेवढे बाळ आल्यावर कमी होतात, आणि बाळाला तुमची गरज तेव्हा जास्त.

उभं राहण्याबद्दल. अपेक्षित तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांत, आणि त्याच्याही आधीच्या एका महिन्यात, बाईने मागितलं तर खूप वेळ उभं राहायचं किंवा अंगमेहनतीचं काम देता येत नाही. तुमच्या हिशेबाने फेब्रुवारीच्या मध्यापासून. पण मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. त्याच अर्जात एक ओळ टाका. सूज मात्र आजच डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब मोजून घ्या, त्यासाठी फेब्रुवारीची वाट बघू नका. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर २६ आठवड्यांच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळते, तिला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बाया इथेच अडकतात. ईएसआयचा हा लाभ मिळायला ७० दिवसांचा भरणा लागतो, आणि तो कुठलाही चालत नाही. तुमचं बाळंतपण जानेवारी ते जून २०२६ या काळात येतं. त्याला धरतात ते ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२५ हे दोन कालखंड. ऑक्टोबर २०२५ पासून पुढे कितीही काम केलं असलं तरी या हिशेबात येत नाही. उमंग अ‍ॅपवर किंवा ईएसआयच्या पोर्टलवर लॉगिन करा आणि महिन्याच्या महिन्याला किती दिवस भरलेत ते बघा. तुमच्या १३,५०० वर पाऊण टक्का म्हणजे १०२ रुपये तुमच्याकडून कापले जायला हवेत, सव्वातीन टक्के मालकाचे. पगाराच्या पावतीशी ताडून बघा आणि इथे लिहा.

मिस्टरांचं उत्तर रात्री देते.

धुळेकर_मास्तरीण

पगारपत्रक ताई, मध्येच विचारते, माफ करा. मी कंत्राटी शिक्षिका आहे, ईएसआय नाही. माझा करार ३० एप्रिलला संपतो आणि तारीख मेमधली आहे. संस्था म्हणते करार संपला की रजाही संपली. असं असतं का?

पगारपत्रक_जळगाव

नाही. डॉ. कविता यादव नावाच्या दिल्लीतल्या कंत्राटी डॉक्टरबाईंचं प्रकरण अगदी असंच होतं, रजा सुरू झाली आणि काही दिवसांत करार संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अट एकच, अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. ती पूर्ण असेल तर करार संपल्यावरही पूर्ण लाभ द्यायचा. तुम्हाला ईएसआय नाही, त्यामुळे पैसे संस्थेने द्यायचे आहेत. अर्ज करार चालू असतानाच द्या, आणि त्यात या निकालाचा उल्लेख नावानिशी करा.

नशिराबादच्या ताई, तुमच्या मिस्टरांचं. भुसावळच्या दादांनी लिहिलं ते बरोबर आहे. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी वेगळी रजा आपल्याकडे खासगी नोकरीत नाहीच. ईएसआयची आजारपणाची रक्कम आहे, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के, पण ती कामगार स्वतः आजारी असेल तर. मला हा कायद्यातला सगळ्यात मोठा खड्डा वाटतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात एकटं कोणी सोडत नाही, कोणीतरी सोबत थांबतंच, आणि जो थांबतो त्याचा रोज बुडतो. दुकान मोठं असेल तर २०१७ चा महाराष्ट्र दुकाने कायदा लागतो. त्यात वर्षाला ८ किरकोळ पगारी रजा आहेत, शिवाय अर्जित रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. मिस्टरांनी मालकाला विचारावं की माझ्या खात्यावर किती शिल्लक आहे. बरेच लोक कधी विचारतच नाहीत.

सासऱ्यांसाठी मात्र एक वाट आहे. नव्या संहितेत विमा असलेल्या बाईच्या कुटुंबात तिचे सासू-सासरेही धरले आहेत, त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या नंबरावर त्यांचं नाव घालून उपचार मागता येतात. ईएसआयच्या ऑफिसात जाल तेव्हा हेही विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे, ते चालू नसेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

नशिराबादची_लेक

ताई, उमंगवर पाहिलं आणि हातपाय गळाले. फक्त ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५ दिसतात, सत्तर दिवस भरत नाहीत. त्याआधीचं काहीच नाही, पण कपात तर पहिल्या पगारापासून आहे, पावत्या आहेत. ऑगस्टमध्ये ठेकेदार बदलला होता. माणसं तीच, मशीन तेच, फक्त पावतीवरचं नाव वेगळं. मिस्टर म्हणतात गेले पैसे.

पगारपत्रक_जळगाव

गेले नाहीत. जुनी पावती काढा आणि तिच्यावरचा ईएसआय नंबर आत्ताच्या ई-पहचान कार्डाशी जुळवा. मला जवळपास खात्री आहे की दोन नंबर वेगळे निघतील. ठेका बदलला की नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवीन टाकून मोकळा होतो. खरं तर नंबर जन्मभर एकच असतो, नोकरी बदलली तरी तोच. जुन्या नंबरावर तुमचे दिवस पडलेले असतील, फक्त दोन्ही जोडून घ्यावे लागतील.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. दोन्ही नंबर, आधार, बँक पासबुक, नोव्हेंबर २०२४ पासूनच्या सगळ्या पावत्या न्या. पीएफचं पासबुकही काढून न्या. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असेल तर दोन्ही ठेकेदार त्यात ओळीने दिसतील, तो मोठा पुरावा होतो. दोन नंबर एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका. अडलं तर ईएसआयची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८००-११-२५२६. जुन्या ठेकेदाराने कापून भरलेच नसतील तर अर्जातच तसं लिहा. ती वसुली महामंडळ करतं, ती तुमची लढाई नाही.

नशिराबादची_लेक

ताई, दोन नंबर निघाले! मिस्टर दुकानातून अर्धा दिवस काढून सोबत आले. खिडकीवरच्या साहेबांनी जुना नंबर टाकून पाहिला, सगळे महिने भरलेले आहेत. जोडायचा अर्ज घेतला, पोच दिली. सासऱ्यांच्या नावाचा फॉर्मही दिला, उत्पन्नाचा दाखला लागेल म्हणाले.

ठेकेदाराला रजेचा अर्ज दिला. आधी घेत नव्हता. एचआरला प्रत गेली हे कळल्यावर शिक्का मारून दिला. राजीनाम्याचं पुन्हा बोलला नाही. सूज पण दाखवली, रक्तदाब थोडा वर आहे, गोळी चालू केली. आता एक सांगा, बाळंतपण अमळनेरला झालं तर पैशाला अडचण येईल का?

पगारपत्रक_जळगाव

छान झालं, खरंच आनंद वाटला. अमळनेरला झालं तरी चालतं. जाण्याआधी जळगावच्या ईएसआय दवाखान्यात नाव नोंदवून अपेक्षित तारखेचं प्रमाणपत्र घ्या. बाळंतपण होईल त्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जपून ठेवा. रकमेसाठीचा दावा पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते आत्ताच बघा, दावे तिथेच लटकतात. नंबर जोडले गेले का ते फेब्रुवारीत पुन्हा उमंगवर पाहा, नसतील तर तीच पोच घेऊन परत जा.

रक्तदाबाचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. पुढे तो जादा महिना मागायची वेळ आली तर तेच लागतील.