हडसन एवढी भारी होती तर बंद का पडली?

पाना_दहाबारा:
जुन्या अमेरिकन गाड्यांचे व्हिडिओ बघताना १९५१ ची हडसन हॉर्नेट दिसली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, काय बुटकी आणि लांबलचक गाडी आहे! फोर्ड-शेवरलेवर ढीगभर वाचायला मिळतं, हडसनबद्दल कोणी बोलतच नाही. रेस जिंकायची म्हणतात, मग कंपनी गुंडाळली का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा ना.

गतिमान:
माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. १९०९ ला डेट्रॉइटमध्ये रॉय चेपिन वगैरे मंडळींनी सुरू केली, पैसा लावला जोसेफ हडसन या डिपार्टमेंट स्टोअरवाल्याने म्हणून नाव त्याचं. पण खरी कमाल १९४८ च्या 'स्टेप-डाउन' बॉडीची. बाकीच्यांचा फ्लोअर चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) वर असायचा, म्हणजे गाडीत चढायचं, हडसनने तो खाली चासीच्या दोन रेल्सच्या, म्हणजे लांब तुळयांच्या मध्ये नेला, त्यामुळे दार उघडलं की उंबरा ओलांडल्यासारखा पाय आत खाली ठेवायचा. शिवाय चासी-बॉडी वेल्ड करून एकजीव, आणि रेल्स मागच्या चाकांच्याही बाहेरून फिरवलेल्या. सगळं वजन खाली, त्यामुळे वळणावर हिला धरणारं कोणी नव्हतं. इंजिन म्हणाल तर साधं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं जुन्या पद्धतीचं), सहा सिलिंडर, ३०८ क्युबिक इंच, म्हणजे ५ लिटर. तेवढ्यावर १९५२ मध्ये नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कार रेस मालिकेच्या ३४ पैकी २७ रेस मारल्या! हर्ब थॉमस, टिम फ्लॉक, मार्शल टीग, हे सगळे ड्रायव्हर हॉर्नेटवाले.

तेलकट_हात:
ब्रेकचं राहिलं की. हायड्रॉलिक लाइन फुटली तरी पेडल अजून खाली गेलं की केबल ओढली जाऊन मागचे ब्रेक लागायचे, आणि हे १९३६ पासून! क्लच पण तेलात चालणारा, प्लेटमध्ये कॉर्कचे तुकडे बसवलेले, एकदम मऊ उचलायचा. असा जीव ओतून काम करणारी कंपनी मला तरी दुसरी दिसत नाही.

जुना_गिअर:
बंद पडण्याचं मूळ पण त्या बॉडीतच आहे. एकजीव बॉडीचं रूप बदलायचं म्हणजे पत्रा दाबायचे साचे (डाय) वगैरे सगळं नवीन, खर्च अफाट, आणि समोर जीएम (जनरल मोटर्स)-फोर्ड सारखे नवनवे चेहरे आणणार. लोकांना व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन हवं होतं, हडसनकडे नव्हतं. उरलासुरला पैसा १९५३ च्या छोट्या 'जेट'मध्ये घातला, ती खपली नाही. १९५४ ला नॅश या दुसऱ्या गाडी कंपनीबरोबर विलीन होऊन अमेरिकन मोटर्स झाली, डेट्रॉइटची फॅक्टरी बंद, काम विस्कॉन्सिनला केनोशाला गेलं, १९५७ नंतर नावही गेलं.

गतिमान:
जेटचं पटलं, व्ही-एटचं अर्धंच. रेसमध्ये हडसनचं हे सहा सिलिंडरचं इंजिन व्ही-एटवाल्यांना पाणी पाजत होतं, शोरूममध्ये गिऱ्हाइकाला ते पटवता आलं नाही, दोष त्याचा.

पाना_दहाबारा:
मस्त माहिती, धन्यवाद! मग १९५४ ची हॉर्नेट पण स्टेप-डाउनच ना?

जुना_गिअर:
हो, चेहरा बदलला पण सांगाडा तोच. १९५५ पासूनच्या मात्र आतून नॅश, त्या मी हडसन धरत नाही.