मिशनरी म्हणजे तेलकंपनीचे दलाल? वाओरानींच्या निमित्ताने

रानवाटा
परवा इथे 'पठारावरचा' यांनी इक्वेडोरच्या जंगलातल्या वाओरानी आदिवासींवर लिहिलं. सारांश असा: १९५६ साली पाच अमेरिकन मिशनरी भाल्यांनी मारले गेले ते त्यांच्याच आगाऊपणामुळे; नंतर त्यांच्या बायका-बहिणी जंगलात राहायला गेल्या त्या तेलकंपन्यांना वाट करून द्यायला; आणि त्यांची सगळी सेवा म्हणजे 'बायबलात गुंडाळलेली दलाली'. दोन दिवस गप्प बसले. पण तो शेवटचा शब्द काही घशाखाली उतरेना, म्हणून वेगळा धागा काढते.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतली अकरा वर्षं मेळघाटात गेली. ख्रिस्ती नाही, घरी रोज देवपूजा असते. मला कुणाचं वकीलपत्र घ्यायचं नाही. पण अनोळखी भाषेच्या माणसांत, पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर, औषधं संपलेली असताना राहणं म्हणजे काय असतं ते मी थोडंफार जगले आहे.

आधी तो काळ बघा. रबराच्या व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनच्या त्या भागात माणसं पळवून गुलाम केली होती. वाओरानींच्या लेखी प्रत्येक परका 'कोवोदे', म्हणजे माणसं खाणारा. शेजारचे त्यांना 'आउका' म्हणत, म्हणजे रानटी. १९४०च्या दशकात शेल कंपनीचे कामगार तिथे मारले गेले. आणि आपसातही सूड थांबत नव्हता. पुढे जेम्स योस्ट या मानववंशशास्त्रज्ञाने पिढ्यापिढ्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या, त्यात निम्म्याहून जास्त प्रौढ हिंसेत गेलेले आढळले. दायुमा नावाची मुलगी याच मारामारीतून जीव वाचवून पळाली आणि बाहेरच्या एका मळ्यावर राबत राहिली.

त्या पाच मिशनरींपैकी नेट सेंट या वैमानिकाने वाओरानींच्या वस्तीवर विमान छोट्या वर्तुळात फिरवत लांब दोरीला बादली सोडली, की ती खाली जवळजवळ स्थिर राहायची. त्यातून किटली गेली, कोयते गेले. एकदा खालून परत काय आलं? टोपलीत एक जिवंत पोपट, आणि त्याला वाटेत खायला केळ्याचा तुकडा. हा तुकडा ठेवणाऱ्या माणसांना कुणी रानटी म्हणू नये, आणि तो पाहून हुरळलेल्या पाच तरुणांना कुणी दलाल म्हणू नये. ८ जानेवारी १९५६ ला कुराराय नदीच्या वाळूवर ते पाचही जण मेले. बंदुका जवळ होत्या, पण वाओरानींवर रोखायच्या नाहीत हे आधीच ठरलेलं होतं.

१९५८ मध्ये त्या पाचांतल्या जिम एलियट यांची विधवा एलिझाबेथ आणि नेटची बहीण रेचल वाओरानींच्या तिवाएनो वस्तीत राहायला गेल्या. दायुमा आणि तिच्याकडच्या दोन बायकांनी बोलावलं म्हणून गेल्या. एलिझाबेथची झोपडी बिनभिंतींची. शेजारी कोण, तर नवऱ्याला मारणारे. सोबत तीन वर्षांची मुलगी. कुठला दलाल असं करतो, ते मला सांगा.

पठारावरचा
ताई, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण तीन वर्षांची मुलगी नेणं हा धाडसाचा पुरावा झाला, हेतूचा नव्हे. आणि हेतू चांगला असला तरी परिणाम तपासायचेच नाहीत का?

तुम्ही १९५८ वर थांबलात. मी पुढे जातो. १९६७ ला टेक्साको आणि गल्फ या तेलकंपन्यांना इक्वेडोरच्याच लागो आग्रियोत तेल लागलं. नेमक्या त्याच सुमारास रेचल आणि त्यांच्या भाषाशास्त्र संस्थेने लांबलांबचे वाओरानी गट शोधून एका राखीव पट्ट्यात आणायला सुरुवात केली. हा पट्टा त्यांच्या मूळ मुलखाच्या साधारण दहावा हिस्सा. उरलेलं रान कुणासाठी रिकामं झालं? या हलवाहलवीत कंपन्यांची मदत झाली, हे काही गुपित नाही. आणि माणसं एकत्र कोंबल्यावर १९६९ मध्ये पोलिओ आला. सोळा माणसं मेली, जवळपास तेवढीच पांगळी झाली. पसरून राहिले असते तर एवढा पसरला असता का? तुम्ही परिचारिका आहात, तुम्हीच सांगा.

सायली_ग
दोघांच्याही लिहिण्यात वाओरानी कुठे आहेत? एकाच्या मते मिशनरींनी त्यांना वाचवलं, दुसऱ्याच्या मते विकलं. खून थांबवायचे हे त्यांनी स्वतः ठरवलं. दायुमाने आपल्या माणसांना समजावलं, आणि 'आपण भाला टाकला तर समोरचाही टाकेल' हा भरवसा लोकांना वाटला. सूडाला कंटाळलेल्या माणसांना थांबायला एक निमित्त हवं होतं, ते या बायकांच्या रूपानं मिळालं. निमित्ताला श्रेय जरूर द्या, सगळं देऊ नका.

खडूस मास्तर
मूळ मुद्दा सोपा आहे. अडचणीतल्या माणसाला धान्य, औषध द्यायचं आणि सोबत धर्म द्यायचा. इक्वेडोरला कशाला जायचं? नगर जिल्ह्यात १८७६ ते ७८ च्या दुष्काळात हेच झालं. पोट रिकामं असताना घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो. माझा राग याच गोष्टीवर आहे आणि तो जाणार नाही.

विलास_नगर
मास्तर, आता तुम्ही माझ्या घरात शिरलात, तेव्हा ऐका.

माझे खापरपणजोबा त्याच दुष्काळात ख्रिस्ती झाले. जातीने महार. दुष्काळ संपल्यावर पाऊस आला, जोंधळा आला, पण ते परत गेले नाहीत. पिठासाठी गेले असते तर पीठ मिळाल्यावर परतले असते ना? गावची विहीर दुष्काळाआधीही त्यांची नव्हती, नंतरही नव्हती. मिशनच्या शाळेत त्यांच्या मुलाला आत, इतर मुलांशेजारी बसायला मिळालं. आमच्या घरात त्यांची पाटी अजून आहे. लाकडी चौकट, एक कोपरा उडालेला, मागे खिळ्याने कोरलेलं नाव. वर्षातून एकदा बाहेर निघते. ती पाटी दाखवून माझे वडील सांगायचे, भाकरी सगळ्यांनीच वाटली, ही कुणी दिली ते विचार.

'पोट रिकामं असताना घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो' असं म्हणताना आमच्या माणसांना डोकं नव्हतं असं तुम्ही म्हणताय. हे मी ऐकून घेणार नाही.

खडूस मास्तर
शब्द माझ्या तोंडी घालू नका. मी देणाऱ्याला दोष दिला, घेणाऱ्याला नाही. १९७२ च्या दुष्काळात मी माण तालुक्यात नऊ वर्षांचा होतो. अमेरिकेचा लाल मिलो आणि सुकडी खाऊन जगलो. आई खडी फोडायला जायची, संध्याकाळी तिचे हात मला गरम पाण्यात धरायला लागायचे. सुकडी देणाऱ्याने तिला कोणती प्रार्थना म्हणायला लावली नाही. मदत अशी असते.

विलास_नगर
तुमच्या आईंना माझा नमस्कार. पण खडीच्या केंद्रावर पाण्याचा माठ वेगळा होता की नाही, तेही आठवून लिहा.

खडूस मास्तर
होता. नाकारत नाही.

पण मग तुम्हीही एक सांगा. चर्चमध्ये गेल्यावर जात गेली का?

विलास_नगर
नाही गेली. माझ्या बहिणीचं लग्न ठरताना समोरच्या ख्रिस्ती कुटुंबाने 'मूळचे कोण?' असं सरळ विचारलं आणि स्थळ मोडलं. बहीण तीन दिवस जेवली नाही. तो राग मी त्या माणसांवर काढतो, शाळेवर नाही.

जुना पोस्टमन
अवांतर चाललंच आहे तर: आपल्या भाषेचं छापील व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये काढणारा विल्यम केरी मिशनरीच. मोल्सवर्थही मिशनरी, त्याच्या कोशाशिवाय आजही आपलं पान हलत नाही. वाओरानींची भाषा रेचलने कागदावर आणली, १९६५ पर्यंत मार्कचं शुभवर्तमान त्या भाषेत आलं. त्या पुस्तकाशी घेणंदेणं नसेना का, भाषा लिहिली गेली हे काय कमी?

पठारावरचा
मोल्सवर्थ कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी होता. कृपया दुरुस्त करा. आणि भाषा लिहून काढणं मोठंच काम, पण ती भाषा बोलणाऱ्यांनी मागितलं होतं का? त्यांना आधी जमीन हवी होती. धागा दुष्काळात अडकलाय. पोलिओचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुना पोस्टमन
मोल्सवर्थबद्दल चुकलो. केरी मात्र माझाच.

रानवाटा
उत्तर देते. उशीर झाला कारण ते लिहिणं मला जड जात होतं.

होय. माणसं एके ठिकाणी आणली म्हणून साथ जोरात पसरली. बाहेरच्या रोगांशी ज्यांच्या शरीराची ओळख नाही त्यांना लसीआधी गर्दीत आणणं ही गंभीर चूक. माझ्या हाताखालच्या कुणी केली असती तर मी तिला माफ केलं नसतं.

पण अशी चूक मीही केली आहे, म्हणून सांगते. मेळघाटात एका कोरकू बाईचं बाळ पोट फुगून आजारी होतं. भुमकाने, म्हणजे गावच्या वैदूने, डम्मा दिला होता, म्हणजे तापलेल्या विळ्याने पोटावर डाग. मी चिडले, बाईला सगळ्यांसमोर बोलले, बाळ दवाखान्यात नेलं. बाळ जगलं. पण पुढचे सात-आठ महिने त्या पाड्यावरची एकही बाई माझ्यासमोर पोर घेऊन आली नाही. त्या काळात दोन बाळं गेली. ती माझ्याकडे का आली नाहीत, ते मला ठाऊक आहे. माझा हेतू चांगला होता. मला कुणी औषधकंपनीची दलाल म्हटलं तर ते खोटं ठरेल, आणि त्या दोन बाळांच्या बाबतीत तू निर्दोष म्हटलं तर तेही खोटं.

तिवाएनोतल्या बायकांकडे मी याच नजरेने बघते. साथ आल्यावर त्या पळून गेल्या नाहीत.

पठारावरचा
मेळघाट वर्षावन नाही आणि कोरकू कधी वाओरानींइतके अलग नव्हते. पण तुमच्या लिहिण्यापुढे हा आक्षेप किरकोळ आहे, कळतंय मला.

तरी दोन गोष्टी. एक, रेचल यांच्या संस्थेनेच १९७०च्या दशकात योस्ट यांना पाठवलं, आणि त्यांनाही हेच दिसलं की लोक रेचल आणि दायुमाच्या हातावर अवलंबून झालेत, वस्ती पुन्हा विखुरली पाहिजे. रेचल यांना ते पटलं नाही. चूक कळणं वेगळं आणि दाखवल्यावरही धरून बसणं वेगळं. दोन, माझा सगळ्या मिशनरींवर राग नाही. १९८७ च्या जुलैत कॅपुचिन या कॅथलिक संघाचे बिशप अलेहांद्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो हेलिकॉप्टरने तागाएरींच्या, म्हणजे वाओरानींच्याच एका अलग राहणाऱ्या गटाच्या, वस्तीत उतरले. तेलकंपनी तिथे पोचण्याआधी आपण पोचावं, त्या माणसांचं रक्त सांडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. दोघेही भाल्यांनी मेले. कंपनी आणि माणसं यांच्या मधे उभं राहणं मी याला म्हणतो.

सायली_ग
आणि २०१९ मध्ये इक्वेडोरच्या पास्तासा प्रांतातल्या न्यायालयात सरकारच्या तेललिलावाविरुद्ध जिंकले ते वाओरानी स्वतः. त्यांच्या पुढारी नेमोंते नेनकिमो. २०२३ ला यासुनी राष्ट्रीय उद्यानातल्या एका तेलपट्ट्याचा उपसा थांबवावा म्हणून देशातल्या सुमारे ५९ टक्के मतदारांनी कौल दिला. आता त्यांच्या वतीने बोलायला मिशनरी नको, कंपनी नको, आणि मराठीत भांडणारे आपणही नको.

रानवाटा
सायली, पटलं. पठारावरचा, लाबाकांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. रेचल यांचा हट्ट मीही मान्य करते. आता 'दलाली'चं काय?

पठारावरचा
'दलाली' मागे घेतो, लेखात दुरुस्ती करतो. 'कंपनीला वाट मोकळी झाली' हे वाक्य मात्र ठेवणार आहे.

रानवाटा
ठेवा. खाली एवढं जोडा, की रेचल संस्थेपासून वेगळ्या झाल्या तरी वाओरानींना सोडून गेल्या नाहीत. १९९४ ला किटोत वारल्या, पुरलं मात्र तोन्यामपारेला, वाओरानींमध्ये.

खडूस मास्तर
विलासराव, त्या पाटीचा फोटो टाकता का? मागच्या बाजूचा.