जुनी फायबर होडी घ्यायचीय, मालकी कशी तपासायची?

बॅकवॉटरवाला (पैठण)
नमस्कार मंडळी. जायकवाडीच्या पाण्यात मासेमारी करतो, आजपर्यंत थर्माकोलच्या तराफ्यावरच भागवलं. आता एक जुनी होडी बघितलीय, १८ फुटी, १५ एचपीचं इंजिन, दोन्हीचे मिळून १ लाख ४० हजार म्हणतो. विकणारा म्हणतो होडी वडलांची, ते दोन वर्षाखाली वारले. कागद म्हणून फक्त इंजिनच्या बिलाची झेरॉक्स आहे, तीही पुसट. ५०० च्या बाँडवर लिहून देतो, नोटरी करतो, अजून काय पायजे म्हणतो. गाडी असती तर आरसी बघितली असती, होडीचं काय बघायचं? परवा १० हजार इसार द्यायचाय.

मांजराकाठ
दादा इसार थांबव आधी. नोटरीचा शिक्का म्हणजे सही त्याच माणसानं केली एवढंच, होडी त्याची आहे का नाही हे नोटरी बघत नसतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ वाच, विकणाऱ्याकडं जेवढा हक्क तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, काही अपवाद सोडले तर. माल चोरीचा निघाला तर पैसे देऊनही खरा मालक घेऊन जाऊ शकतो, आणि चोरीचा आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. म्हणून सांगू लालो, घाई करू नको.

जाळं_आणि_पाणी (माजलगाव)
माझ्यासंगं झालंय भाऊ. गड्यानं बाँड करून दिला, मी रोख मोजले, आणि महिन्याभरात मच्छीमार संस्थेचे चेअरमन काठावर हजर, होडी संस्थेच्या नावावर होती आणि त्याला नुसती वापरायला दिलेली. होडी गेली, पैसे अजून येऊ राहिलेत. तुम्ही आधी तिथल्या संस्थेत जाऊन रजिस्टर बघा. संस्थेची निघाली तर विक्रीचा ठराव पायजे, एकट्या सभासदाची सही चालत नाही. होडी सबसिडीतली आहे का तेही मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा ऑफिसात विचारा, मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के, महिला आणि एससी-एसटीला ६० टक्के अनुदान असतं, तसल्या फाईलीतल्या अटी वाचल्याशिवाय हात लावू नका. कर्ज असलं तर बँकेची एनओसी.

बॅकवॉटरवाला (पैठण)
आज पुन्हा जाऊन आलो. इंजिनच्या ब्रॅकेटवर नंबरची पट्टी आहे पण एका बाजूचा रिबिट नवा चकचकीत आणि दुसरा गंजलेला. पुढच्या नाकावर जुना नंबर खरडून वरून निळा रंग मारलाय, बोटानं चाचपलं तर अक्षरं लागतात, पहिलं आयएनडी वाटतं.

मांजराकाठ
आयएनडी-एमएच असेल तर ती समुद्रातली नोंदलेली मासेमारी होडी, कोकणातून आलेली. मग मत्स्यव्यवसाय विभागाकडं तो नंबर देऊन मालक कोण ते काढता येतं, नोंदणी कागदावर नाव असतंच. नंबर का खरडला हे त्याला तोंडावर विचार. आणि पट्टीवर भरवसा ठेवू नको, बऱ्याच इंजिनांना वरचं झाकण काढल्यावर ब्लॉकवर एका गोल बुचावर तोच नंबर कोरलेला असतो. पट्टी, ब्लॉक आणि बिल, तिन्ही जुळले पायजेत.

तालुका_वकिली (परभणी)
वडलांची होडी खरी निघाली तरी एकटा मुलगा विकू शकत नाही. हिंदू कुटुंब आणि मृत्युपत्र नसेल तर आई, सगळे भाऊ आणि लग्न झालेल्या बहिणी, सगळ्यांचा सारखा हिस्सा. मृत्यूचा दाखला घ्या, सगळ्या वारसांच्या सह्या विक्रीच्या कागदावर घ्या, त्यात इंजिन नंबर, होडीची लांबी, रंग, फोटो आणि "कोणाचा बोजा नाही, वाद निघाल्यास पैसे परत" एवढं लिहा. पैसे बँकेतूनच द्या.

बॅकवॉटरवाला (पैठण)
बहीण आहे म्हणे, बीडला दिलेली, तिला विचारलंच नव्हतं त्यानं. आईला मी उद्या घरी जाऊन भेटतो. इसार दिला नाही, अन् झाकण उघडू दे म्हणालो तर म्हणतो मेकॅनिक गावाला गेलाय, सोमवारी या.

जाळं_आणि_पाणी (माजलगाव)
सोमवारी तुमचा मेकॅनिक घेऊन जा भाऊ, त्याचा नको.