‘थिअरी’साठी ‘सिद्धांत’ की ‘उपपत्ती’?

प्रश्न: शाळेत उत्क्रांती कशी शिकवावी यावरून अमेरिकेत झालेल्या डोव्हर खटल्यावरील एका लेखाचा मराठी अनुवाद करीत आहे. ‘उत्क्रांती ही केवळ एक थिअरी आहे’ या निर्मितिवाद्यांच्या (जीवसृष्टी ईश्वराने निर्माण केली असे मानणाऱ्यांच्या) वाक्यात ‘सिद्धांत’ हा शब्द घातला की वाक्याचा रोखच नाहीसा होतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर: आपले निरीक्षण अचूक आहे. ‘सिद्धांत’ म्हणजे पूर्वपक्षाचे खंडन होऊन सिद्ध झालेला निर्णय. त्याच्यामागे ‘केवळ’ लावून त्याला कमी लेखता येत नाही. इंग्रजी बोलण्यात मात्र ‘थिअरी’चा अर्थ नुसता तर्क असाही होतो, आणि विज्ञानात त्याच शब्दाने असंख्य निरीक्षणांची संगती लावणारे, कसोटीला उतरलेले स्पष्टीकरण दर्शवले जाते. पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळा मंडळाने नववीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या निवेदनात ‘डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे’ असे सांगून हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते, आणि हा केवळ शब्दांचा घोळ नव्हता, कारण त्यावर मुलांचे शिक्षण अवलंबून होते. विज्ञान शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला, म्हणून जानेवारी २००५ मध्ये प्रशासकांनी वर्गात येऊन ते वाचले. पुढे न्यायालयात ‘बुद्धिमान रचने’चे, म्हणजे सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली या मताचे, पुरस्कर्ते मायकेल बीही यांना उलटतपासणीत मान्य करावे लागले, की थिअरीची आपली व्याख्या लावली तर फलज्योतिषही तिच्यात बसते. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, असा निर्णय दिला.

म्हणून मंडळाच्या आणि साक्षीदारांच्या तोंडी ‘थिअरी’ हाच शब्द ठेवावा. ‘माझी एक थिअरी आहे’ असे आपणही सर्रास म्हणतो, त्यामुळे वाचकाला तो सैल अर्थ लगेच कळेल. विज्ञानाची बाजू मांडताना मात्र ‘उपपत्ती’ लिहावे. ‘उपपत्ती लावणे’ म्हणजे कारणासह उलगडा करणे, आणि डार्विनने नेमके तेच केले.

प्रतिसाद: ‘परिकल्पना’ का नको? सामान्य वाचकाला ‘उपपत्ती’ जड जाईल.

उत्तर: जड जाईल, हे मान्य आहे, परंतु परिकल्पना म्हणजे अद्याप तपासायचे विधान, आणि तो शब्द घेतला तर अनुवादकच मंडळाची बाजू घेईल. उत्क्रांती मात्र कसोटीला उतरलेली आहे; एक उदाहरण पाहा. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळायला हवा, हे उत्क्रांतीच्या उपपत्तीवरून ताडून नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर अनेक मोसम शोध घेतला. तेथेच २००४ मध्ये त्यांना टिक्टालिक या प्राण्याचा जीवाश्म सापडला: खवले आणि पर माशाचे, पण मान हलवता येणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे असलेला.