मदत हवी आहे: ठाण्याहून भंडारदरा-माळशेज असं गोल फिरून येता येईल का?

मंडळी, कोजागिरीला इंदूरहून आत्या, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं येतायत, आम्ही दोघं धरून सात जण, गाडी आपलीच. लोणावळा-महाबळेश्वर त्यांचं झालंय आणि सुट्टीच्या गर्दीत तिकडे जायची मला हौस नाही. डोक्यात असं आहे की ठाण्याहून पहाटेच निघून कसारा-घोटीमार्गे भंडारदरा, तिथे दोन मुक्काम, आणि येताना त्याच रस्त्याने न येता राजूर-कोतूळ-ओतूर करत माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याणवरून घरी. पाऊस सरलेला, भातं पिवळी पडायला लागलेली, सोनकीची फुलं उरली असतील तर बोनस.

आता अडचणी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून तिकडे जाणंच झालं नाही. आठेक किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट वाचतो हे खरं, पण आमण्याला पोचेपर्यंत माजिवडा-वडपे पट्ट्यातच जीव जाणार असेल तर टोल भरून वाचतं काय? हे विचारायचं कारण म्हणजे धाकटा पुतण्या, वळणं सुरू झाली की पाच मिनिटांत पिशवी मागतो, आवळासुपारी वगैरे सगळं करून झालंय.

दुसरं, आत्याचे गुडघे. कळसूबाई शिखर, सांदण दरी केव्हाच कटाप. पण रतनवाडीचं अमृतेश्वर तिला दाखवायचंच आहे, गाडी देवळापर्यंत जाते ना? आणि कोतूळ-ओतूर रस्ता सध्या कसा आहे, कोणी हल्लीच गेलंय का?

उत्तर १: दादा, खुशाल समृद्धीने जा. ट्रॅफिक दोन्हीकडे तेच, निदान पोराचा घाट तरी टळेल. अमृतेश्वराला गाडी अगदी जवळ जाते, फार चालणं नाही. अंब्रेला फॉलच्या भरवशावर मात्र पोरांना नेऊ नका, धरणातून पाणी सोडलं तरच तो दिसतो. रंधा धबधबा बघा, राजूरच्या वाटेवरच आहे.

उत्तर २: कोतूळ रस्ता कुठे बरा कुठे बेकार, पण जाता येतं. सकाळी लवकर निघा, माळशेज अंधारात उतरू नका. ओतूरपर्यंत गेलाच आहात तर आत्यांना ओझरचा विघ्नहर करून आणा, वाट थोडी वाकडी होईल पण पायऱ्यांचा त्रास नाही. लेण्याद्रीला जवळजवळ तीनशे पायऱ्या आहेत, तिकडचं नाव पण काढू नका त्यांच्यासमोर.

धागाकर्ता: हाहा, नाही काढत! ओझर फिक्स, समृद्धी पण फिक्स. आता राहायचं सांगा कोणीतरी. धरणाकाठच्या तंबूत कोजागिरी करायची पोरांची इच्छा आहे पण शेजारी रात्रभर स्पीकर वाजणार असेल तर आत्या मलाच धरणात ढकलेल. शेंडी किंवा मुतखेलकडे कोणाचं साधं घरगुती, खाली कमोड असलेलं ठिकाण माहीत असेल तर प्लीज व्यनि (खासगी मेसेज) करा.