प्रतिसाद: मग इन्व्होल्यूट का नाही?

प्रश्न होता: घड्याळाच्या चाकांचे दाते सायक्लॉइडल (वर्तुळावर घरंगळणाऱ्या वर्तुळावरचा बिंदू काढतो तशा वक्राचे) का, इन्व्होल्यूट (वर्तुळावरचा दोरा ताणून उलगडताना टोक काढतं तशा वक्राचे) का नाहीत?

इन्व्होल्यूट दात्यांना केंद्रांतरातली (दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतरातली) थोडी चूक चालते, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा बरोबर. पण 20 अंश दाबकोनाला (दाते एकमेकांना ढकलतात ती दिशा किती तिरकी, तो कोन) 17 पेक्षा कमी दात्यांचा पिनियन (छोटं दातेरी चाक) कापताना मुळाशी कोरला जातो, आणि घड्याळातल्या पिनियनला दाते असतात 6 ते 12.

माझ्या मते त्याहून मोठं कारण घर्षण. इथे मोठं चाक छोट्या पिनियनला फिरवतं, जोर तुटपुंजा असतो, दात्यांना तेलही देत नाहीत (धूळ धरते). केंद्ररेषेच्या (दोन चाकांचे मध्य जोडणाऱ्या रेषेच्या) आधी भिडलेले दाते एकमेकांत रुतत घासतात, नंतर भिडलेले अलगद सरकतात. सायक्लॉइडल आकारात 10 किंवा अधिक दात्यांच्या पिनियनचा जवळजवळ सगळा संपर्क रेषेनंतर येतो, 6-7 दात्यांत मात्र तो रेषेच्या आधीच सुरू होतो. म्हणून चाक अडत असेल तर आधी सर्वांत कमी दात्यांच्या पिनियनची खोली (दाते एकमेकांत किती आत शिरतात ते) तपासा. खोली उथळ असली तर हा आधीचा संपर्क आणखी वाढतो.