गायरानावर सौरप्रकल्प: भाडं कुणाचं, पाणी कुणाचं

माळावरचा
दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय. थोडक्यात म्हणणं असं: ‘५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आला की गावाला दिवसा वीज, पंचायतीला वर्षाला ५ लाख, आणि पडीक गायरानाचं सोनं. विरोध करणारे एकतर अडाणी नाहीतर दलाल.’ खाली दोनशे अंगठे. म्हणून हा धागा.

मेगावॅटला ४ ते ५ एकर धरा. ५ मेगावॅटला २०-२५ एकर, भोवती तारेचं कुंपण, आत चराई बंद, आणि वीजखरेदी करार २५ वर्षांचा. सौर कृषी वाहिनी योजनेत (शेतीला दिवसा सौरवीज देण्याची राज्याची योजना, २०२३ची २.० आवृत्ती) खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार वार्षिक भाडं आहे. गायरान मात्र नाममात्र भाड्यानं जातं. २५ एकर कुणा शेतकऱ्याची असती तर त्याला वर्षाला साडेबारा लाख मिळाले असते. पंचायतीला ५ लाख मिळतात, तेही तीनच वर्षं. एकूण १५ लाख. उरलेली बावीस वर्षं काय, भजन?

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. गावाची सामायिक जमीन फुकट, आणि शेजारच्या पाटलाची जमीन ५० हजार, याला आहे.

फीडर११
भाड्याचा मुद्दा ठीक. पण रात्री पाणी भरायला कोण जातं ते आधी सांगा. साप, बिबट्या, ओल्या बांधावर उघडा स्टार्टर, हे सगळं हिशेबात धरा की.

आणि उगाच राजस्थानच्या भडल्याच्या सोलर पार्कशी तुलना करू नका. तिथे सुमारे १४ हजार एकरांवर २,२४५ मेगावॅट, वीज शेकडो किलोमीटर दूर जाते. इथे प्रकल्प ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या ५-१० किलोमीटरच्या आत आणि वीज त्याच उपकेंद्राच्या शेतीफीडरवर, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या लाइनवर. वहनातली गळती वाचते. ५ एचपीचा पंप म्हणजे पावणेचार किलोवॅट. दुपारी १२ वाजता ५ मेगावॅटवर कागदोपत्री तेराशे पंप चालतात. गळती, ढग, धूळ वजा करून हजार धरा. हजार घरांची रात्रीची झोप पंचवीस एकर गवतापेक्षा मोठी नाही का?

हिशेबी
कागदोपत्री. उपकेंद्राचा ३३ केव्ही पुरवठा गेला की इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) नियमानुसार स्वतःहून बंद होतो, कारण मेलेल्या लाइनवर वीज सोडली तर खांबावरचा वायरमन जाईल. सूर्य डोक्यावर, प्लांट बंद, पंपही बंद. आधी तारा आणि ट्रान्सफॉर्मर सुधारा, मग पॅनेल लावा. उलटं केलं तर दिवसाची वीज पोस्टरवरच राहते.

आणि खासगी भाड्याचंही फार कौतुक नको. वाढ ३ टक्के, तीही सरळ, चक्रवाढ नाही. पंचविसाव्या वर्षी ५० हजारांचे ८६ हजार होतील. तेव्हा मजुरी काय असेल, बघा विचार करून.

पाटपाणी
सगळे पैशांवर बोलताय. पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार? आमच्या भागात फेब्रुवारीपासून टँकर. माणसाला प्यायला नाही आणि काचा धुवायच्या!

फीडर११
घ्या, आलं पाणी. आता आकडे मांडतो. १ मेगावॅट एसीला (तारेत जाणारी वीज) डीसी बाजू (पॅनेलची एकूण क्षमता) १.३ ते १.४ मेगावॅटची असते, म्हणजे ५५० वॅटचे साधारण २,४५० पॅनेल. पॅनेलला २ लिटर धरले तर एका धुण्याला ५ हजार लिटर. ५ मेगावॅटला २५ हजार. महिन्यात दोनदा, पावसाळा सोडून आठ महिने: वर्षाला ४ लाख लिटर. एक एकर उसाला दोन मीटर पाणी लागतं, म्हणजे ८० लाख लिटर. पंचवीस एकरांच्या प्रकल्पाचं पाणी एका एकर उसाच्या विसाव्या भागाइतकं. उसावर धागा कधी काढताय?

पाटपाणी
उसावर काढला तर तुम्हीच पहिले पळाल. महिन्याला ५० हजार लिटर म्हणजे माणशी ४० लिटरनं चाळीस माणसांचं रोजचं पाणी, ऐन एप्रिल-मेमध्ये, त्याच बोअरमधून. वर्षाची सरासरी काढून उन्हाळा लपवू नका.

स्ट्रिंगटेस्टर
दोघांच्याही हिशेबातून मुख्य गोष्ट सुटलीय. धुवायला वाटेल ते पाणी चालत नाही. बोअरचं जड पाणी काचेवर सुकलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके बसतात. चार-सहा महिन्यांत त्यांचा थर होतो आणि मग तो ब्रशनं निघत नाही, आम्ल वापरावं लागतं. आम्लानं काचेवरचा परावर्तनरोधक लेप जातो. सॉफ्टनर लावला तर कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तेवढाच राहतो. डाग पडतात, पण पुसले जातात. आरओ लावला तर जवळपास निम्मं पाणी वाया. म्हणजे ४ लाखांसाठी उपसा ७-८ लाख. फीडरसाहेबांनी आकडा दुप्पट करावा.

धुवायची वेळही ठरलेली: सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी काच ६०-६५ अंशांवर असते, गार पाण्याचा फवारा बसला की तडकू शकते. पॅनेलवर पाय देऊन धुणाऱ्या टोळ्या असतात. वरून काही दिसत नाही, आत सेलला केसासारख्या चिरा पडतात आणि दोन वर्षांनी तिथे हॉटस्पॉट (तापणारा ठिपका) निघतो.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडणारे कनेक्टर. नीट क्रिंप न केलेल्या किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडलेल्या एमसी-फोर कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. इन्व्हर्टर सकाळी सुरू होताना इन्सुलेशन रेझिस्टन्स तपासतो, म्हणजे वीज कुठे जमिनीत गळतेय का ते. तो कमी आला की सुरूच होत नाही. दहा-अकराला सगळं सुकतं, रीडिंग वर जातं, प्लांट चालू. माणूस मेगर (हेच मोजायचं यंत्र) घेऊन पोचेपर्यंत दोष गायब. धुण्याच्या दिवशीच सकाळचं उत्पादन पडत असेल तर आधी कनेक्टर बघा.

हिशेबी
मग कोरडा ब्रश फिरवणारे रोबोट का लावत नाहीत? वाळवंटातल्या पार्कांत पाण्याशिवायच चालतं.

स्ट्रिंगटेस्टर
तिथे सपाट जमिनीवर पॅनेलची लांबच लांब सरळ रांग असते. गायरान म्हणजे उंचसखल, मध्ये ओढा, मध्ये खडक. रांग तुटली की प्रत्येक तुकड्याला वेगळा रोबोट किंवा मध्ये पूल. ५ मेगावॅटला परवडत नाही. शिवाय पहाटे दव पडतं, धूळ ओली होऊन घसरते आणि खालच्या फ्रेमशी चिखलाची दोन बोटांची पट्टी सुकून बसते. कोरडा ब्रश तिच्यावरून नुसता फिरतो. पट्टी दिसायला किरकोळ, पण हाफ-कट पॅनेल (वर-खाली दोन अर्ध्या भागांचं) उभं बसवलं असेल तर खालच्या अर्ध्या भागातल्या सेलच्या तिन्ही साखळ्या तिच्याखाली येतात, म्हणजे निम्मं पॅनेल. आडवं असेल तर एकच, म्हणजे तिसरा हिस्सा.

पाटपाणी
म्हणजे पाणी लागतंच. एवढंच म्हणत होतो, तर उसावर गेलात.

फीडर११
लागतं. टँकरनं आणा, बोअर घेऊ नका. झालं समाधान? आता रात्रीच्या विजेचं उत्तर द्या, ते कुणीच देत नाहीये.

काळीमाती
धुण्यावर पीएचडी झाली असेल तर पावसाचंही बघा. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पाणी धारेनं पडतं, दर रांगेला एक घळ तयार होते आणि ती सगळी माती उतारावरच्या शेतात. समतल चर आणि शोषखड्डे निविदेत असतात, जागेवर नसतात. काळ्या मातीत दुसरी गंमत: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ ठोकलेले खांब वर उचलले जातात, टेबल (पॅनेलचा सांगाडा) वाकडं होतं, काच फ्रेमशी चिमटते. मुरूम लागेपर्यंत पाइल (ठोकलेला खांब) न्यावी लागते. खर्च वाढतो म्हणून मुरमाड गायरान हवं असतं. पडीक वगैरे सब झूट.

माळावरचा
बरोबर पकडलंत. आणि दुसरं कारण, गायरानाला मालक एकच: सरकार. तीस खातेदारांच्या सह्या घ्याव्या लागत नाहीत. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या शेतकऱ्यानं मंत्रालयात विष घेतलं, तेही वीजप्रकल्पाच्या जमिनीच्या मोबदल्यावरूनच. तेव्हापासून खासगी जमिनीला हात लावायला सगळे कचरतात.

फीडर११
ते भूसंपादन होतं, तेही मुळात औष्णिक प्रकल्पासाठी सुरू झालेलं. इथे भाडेपट्टा आहे, सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो. दोन्ही एका पोत्यात भरू नका. कर्नाटकात पावगडच्या सोलर पार्कला सुमारे १३ हजार एकर भाड्यानंच घेतली, एकरी वर्षाला २१ हजारांनी.

माळावरचा
आणि तिथे शेतमजुरांना काय मिळालं? भाडं मालकाला, मजुराचं काम गेलं. गायरानावर तर भाडं घेणारा खासगी मालकच नाही, नुसते मेंढपाळ आहेत. त्यांची बाजू मांडायला कुणाकडे सातबारा नाही.

स्ट्रिंगटेस्टर
मेंढ्यांचं म्हणाल तर मेंढ्या आत सोडता येतात. श्रावणात गवत पॅनेलच्या कडेपर्यंत येतं आणि सावली पडते. पात्याचा ग्रासकटर लावला की खडा उडून मागची काच फुटते, बायफेशियलला (दोन्ही बाजूंनी उजेड घेणारं पॅनेल) दोन्हीकडे काच. नायलॉन दोरीचा कटर सुरक्षित, पण वेळखाऊ. तणनाशक मारलं तर जमीन उघडी पडते, धूळ वाढते, पुन्हा धुणं. मेंढी हे काम फुकट करते. अडचण उंचीची: खालची कड जमिनीपासून ५००-६०० मिलिमीटर ठेवतात, ती ९०० हवी. वर गेलं की वारा जास्त लागतो, पाइल लांब होते, पोलाद वाढतं. केबल लोंबती नको, रेलला बांधलेली किंवा ट्रेमध्ये. आणि शेळी नको. शेळी पॅनेलवर चढते आणि वायर चावते.

हिशेबी
वा! मेंढीला गेटपास, शेळीला बंदी. आता प्रत्येक कळपात चार-दोन शेळ्या असतातच, त्यांना गेटवर कोण वेगळं करणार? सिक्युरिटी गार्ड?

माळावरचा
हसा. पण ग्रामसभेच्या ठरावात हेच लिहायला हवं: खालची कड ९०० मिलिमीटर, चराईचे महिने, आवारात बोअर नाही, चर आधी आणि पॅनेल नंतर, आणि खासगी दरानं भाडं थेट पंचायतीच्या खात्यात, पंचवीस वर्षं. त्याशिवाय ना-हरकत नाही.

फीडर११
भाड्याच्या अटीला माझी सही घ्या. बाकीच्या अटींनी दर वाढेल आणि निविदेला कुत्रंही येणार नाही. आणि ठरावाआधी गायरानाची मोजणी करा. पंचवीस एकरांतल्या किती एकरांवर कुणाचं अतिक्रमणाचं सोयाबीन उभं आहे ते कळू द्या. ‘चराई वाचवा’चे निम्मे बोर्ड तिथेच लागलेले असतात.

माळावरचा
मोजा की. विरोध करणाऱ्यांचंही मोजा, आणि त्या पोस्टखाली अंगठे देणाऱ्यांचंही. मोजणी फी मी भरतो.

पाटपाणी
आणि बोअरचा टीडीएस?